कोऱ्या कागदाचं कौतुक

"बाबा, आज सकाळी एकही टिक नाही. अख्खा भाग वाजवला, एकही नाही!"

फोनवर लेकीचा आवाज बसलेला होता. जूनचं ऊन, दिवसभराचा सराव, त्यात ओरडून मोजलेले आकडे. मी विचारलं, "टिक म्हणजे काय गं?"

"चूक रे. आम्ही नऊ जण स्नेअर ढोल वाजवतो ना, तो आवाज एकाच काठीचा वाटला पाहिजे. कुणाची काठी केसभर आधी पडली की मध्येच कचऱ्यासारखा आवाज येतो. ती टिक."

"पण टिक का म्हणतात?"

"काय माहीत. सगळेच म्हणतात."

तिला ते माहीत असायचं कारणच नव्हतं. हा शब्द ज्या पद्धतीतून आला ती तिच्या जन्माच्या वीसेक वर्षं आधी बंद पडली. पद्धत गेली, शब्द राहिला. सरावाच्या मैदानावर उन्हात उभी असलेली विशीची पोरं रोज तो शंभरदा उच्चारतात. मी मात्र त्या शब्दाच्या मागे लागलो आणि गेले तीन उन्हाळे त्यातच गेले.

अमेरिकेतल्या मराठी घरांनाही ड्रम कोर हा प्रकार फारसा ठाऊक नसतो, तेव्हा आधी थोडं सांगतो. शाळा-कॉलेजांचे मार्चिंग बँड वेगळे आणि हे वेगळं. इथे मुख्यतः पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि झेंडे-रायफली फिरवणारी कलर गार्ड. बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन नाहीत. वयाची मर्यादा बाविशीच्या आसपास. मे महिन्यात मुलं एकत्र येतात आणि ऑगस्टपर्यंत बसने गावोगाव फिरतात. रात्री कुठल्या तरी शाळेच्या जिममध्ये फरशीवर पथारी, सकाळपासून सराव, संध्याकाळी कार्यक्रम, आणि मध्यरात्री पुन्हा बस. फी काही हजार डॉलर. स्वयंपाकाचा ट्रक सोबत असतो आणि तो आळीपाळीने पालक चालवतात. पहिल्या वर्षी मी त्या ट्रकमध्ये आठ दिवस कांदे चिरले तेव्हा मला वारीतल्या दिंडीचा ट्रक आठवला. तोच ताडपत्रीचा वास, तीच मोठी पातेली, आणि पुढच्या मुक्कामाला वेळेत पोचायची तीच धांदल.

त्याच ट्रकमध्ये मला तो म्हातारा भेटला. सत्तरीच्या जवळ आलेला, सडपातळ, बटाटे सोलतानासुद्धा मनगट ढोलावर असल्यासारखं चालायचं. सत्तरच्या दशकात तो स्वतः स्नेअर वाजवत असे. टिक कुठून आली हे मला त्याने सांगितलं, आणि तेही बटाट्याच्या सालीवर सुरीने बारीक बारीक खुणा करत.

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांची अमेरिकन लीजन आणि त्याआधीपासूनची व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स अशा माजी सैनिकांच्या दोन मोठ्या संघटना होत्या. त्यांच्या गावोगावच्या शाखांनी बिगुल आणि ढोल घेऊन पथकं काढली. लीजनच्या राष्ट्रीय स्पर्धा १९२१ सालापासूनच्या. पुढे याच शाखांच्या, चर्चच्या आणि स्काउटच्या आश्रयाने मुलांची पथकं उभी राहिली. स्पर्धा सैनिकांनी भरवलेल्या, त्यामुळे परीक्षणाची रीतही सैनिकी. मैदानात उतरण्याआधी पथकाची तपासणी व्हायची. बुटांना पॉलिश आहे का, बटणं लागलीत का, हातमोजे पांढरे आहेत का. बंदुकीच्या बाराने सुरुवात आणि बारानेच वेळ संपल्याची खूण. राष्ट्रध्वज कसा न्यायचा, त्याच्या बाजूला पहारा कसा ठेवायचा, याचे वेगळे नियम, आणि ते मोडले की दंड.

खरा कणा मात्र वजाबाकीचा. अचूकतेच्या प्रत्येक रकान्यात पथक पूर्ण गुण घेऊनच मैदानात उतरायचं. मग हातात पाटी-पेन्सिल घेतलेले परीक्षक मैदानावर, वाजवणाऱ्यांच्या रांगांमधून चालायचे. एक सूर फुटला, एक खूण. पाऊल चुकलं, एक खूण. फ्लॅम, म्हणजे दोन काठ्यांचा जवळजवळ एकत्र पडणारा ठोका, उघडा पडला, एक खूण. प्रत्येक खुणेला एक दशांश गुण वजा. हीच टिक. एकंदर परिणामासाठीही काही गुण असत आणि ते प्रेक्षागारात वर बसलेले परीक्षक आपल्या मताने देत. पण पथकं जिंकत-हरत ती बहुतेक या खुणांवर.

म्हातारा म्हणाला, "तो आमच्या समोर येऊन गुडघ्यात वाकायचा. ढोलाच्या उंचीवर कान आणायचा. आम्हाला मान हलवायची नाही, नजर समोर. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याचं कोपर दिसायचं. कोपर हललं की समजायचं, लिहिलं."

"मग?"

"मग काय, पुढचं वाजवायचं. कोपर आणखी हलू नये म्हणून."

त्या कोपराचं चित्र माझ्या मनातून अजून जात नाही. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, गळ्यात जड ढोल, आणि त्याच्या नजरेच्या अगदी कडेला एका अनोळखी माणसाचं कोपर.

मग त्याने जे सांगितलं त्याने मी सुरी खाली ठेवली. "सगळ्यात चांगला वाजवलेला भाग कुठला होता माहितीये? ज्या भागाबद्दल त्याच्या कागदावर काही नसायचं, तो. जितकं चांगलं वाजवावं तितका कागद कोरा."

मी धंद्याने क्वालिटीतला माणूस. चिंचवडच्या एका कारखान्यात माझी सुरुवात गेज हातात घेऊन झाली. भोक ठरलेल्या मापात बसलं तर जॉब पुढे, नाही बसलं तर लाल पेटीत. तिथे चांगल्या जॉबबद्दल कुणी काही लिहीत नाही. तपासणीच्या अहवालात जितकी मोकळी जागा तितकं काम चांगलं. तेव्हा म्हाताऱ्याची पद्धत मला पटकन समजली, आवडलीही. त्यात लपवाछपवी नव्हती. हरलेल्या मुलाला कागद दाखवता येत होता: ही बघ, इथे गेलास.

पण समजण्याचं कारण चिंचवड नव्हतं, घर होतं. माझे वडील असेच होते. मी वही पुढे ठेवायचो, ते चष्मा लावून वाचायचे. चूक असेल तिथे नख टेकायचं. काही नसेल तर वही मिटून परत, एक शब्द नाही. ती मिटलेली वही हेच कौतुक, हे मला फार उशिरा, ते गेल्यावर, आईने सांगितलं. "ते तुझ्याबद्दल सगळ्यांना सांगायचे रे. तोंडावर कसं सांगणार? दृष्ट लागते." हेच वडील सवाई गंधर्व महोत्सवात मांडवात भारतीय बैठकीवर बसले की एका जागेवर हात उचलून "क्या बात है" म्हणायचे, शेजारचे वळून बघायचे इतक्या मोठ्याने. गवयाला दाद द्यायची आणि मुलाच्या बाबतीत गप्प राहायचं, यात त्यांना कधी काही विसंगत वाटलं नसावं. आमच्या पेठेतल्या कुठल्याच बापाला वाटलं नसावं. सत्त्याण्णव मार्क आणले तर "तीन कुठे गेले?" हा प्रश्न आमच्याकडे प्रेमाने विचारला जायचा. मीही लेकीला तो विचारलेला आहे, एकदा नव्हे.

त्यामुळे ती पद्धत का मोडली हे शोधताना मी फक्त अमेरिकेचा इतिहास वाचत नव्हतो.

मोडायला सुरुवात झाली ती गुणांच्या कागदापासून नाही, तर पथकांच्या स्वाभिमानापासून. सत्तरच्या आसपास पथकं बदलायला लागली होती. न्यू जर्सीच्या गारफिल्ड कॅडेट्सनी १९७१ साली, व्हिएतनाम युद्ध चालू असताना, मैदानावर शांततेचं चिन्ह काढलं. त्याच काळात मॅडिसन स्काउट्स आणि कॅव्हलिअर्स कवायतीच्या पलीकडचे, कथा सांगणारे कार्यक्रम घेऊन उतरू लागले. सैनिकांच्या संघटनांचे नियम या मुलांना आवळू लागले होते. बक्षिसांची रक्कम, पथकांना मिळणारा वाटा, कार्यक्रमात काय करायचं आणि काय नाही, सगळं दुसरेच ठरवत. ट्रूपर्स पथकाचे जिम जोन्स आणि कॅव्हलिअर्सचे डॉन वॉरन यांच्या पुढाकाराने मोठी पथकं एकत्र आली आणि त्यांनी आपलीच संघटना काढली, ड्रम कोर इंटरनॅशनल. पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर या छोट्या गावात झाली. कॅलिफोर्नियाचं अनाहाइम किंग्जमेन जिंकलं. गुण, ८८.१.

हा आकडा मला फार बोलका वाटतो. देशातलं पहिल्या क्रमांकाचं पथक, आणि शंभरातले जवळजवळ बारा गुण गेलेले. संघटना नवी झाली, पण कोपर तेच राहिलं. पुढची बारा वर्षं टिक तशीच चालली.

दरम्यान शिकवणाऱ्यांच्या लक्षात काही गोष्टी येत होत्या. एक तर दोन परीक्षकांची कानाची चाळण सारखी नसते. एकाला जी टिक वाटते ती दुसऱ्याला वाटत नाही. हे गेजने मोजलेलं भोक नाही, हा दोन माणसांचा कान आहे. दुसरं याहून वाईट. अवघड वाजवणाऱ्याला चुकायला जास्त जागा. सोपं, सावकाश, आखीव वाजवणाऱ्याला कमी. वजाबाकीच्या कागदावर धाडसाला किंमत नव्हती, उलट प्रत्येक धाडसी मात्रा म्हणजे परीक्षकाला दिलेली एक संधी. हाताशी काठ्यांचं वादळ उभं करणारा तालवादकांचा शिक्षक हंगामाच्या शेवटी तीन-चार जागा सोप्या करून टाकायचा, असं म्हातारा सांगत होता. "पाणी घालणं" असा त्यांचा शब्द होता. ऑगस्ट आला की पाणी घालायचं.

आणि तिसरं कारण कवायतीत होतं. जुनी कवायत आरशासारखी. मैदानाच्या मधली पन्नास यार्डांची रेघ म्हणजे आरसा, डावीकडे जे तेच उजवीकडे. अशा आखणीत चूक लगेच डोळ्यांत भरते. मग गारफिल्ड कॅडेट्ससाठी जॉर्ज झिंगाली नावाच्या माणसाने १९८३ साली जी कवायत लिहिली तिने हा आरसाच फोडला. आकार एका बाजूला झुकलेले, वितळून दुसऱ्यात जाणारे. एका जागी रांगा झेड अक्षरासारख्या मोडतात आणि कुणीतरी टोकाला धरून ओढाव्यात तशा सरकत जातात. त्याची जुनी चित्रफीत मी रात्री स्वयंपाकघरात बसून पाहिली. चित्र धूसर, आवाज खरखरीत. त्या ओढल्या जाणाऱ्या रांगेपाशी मी थांबलो, मागे नेलं, परत पाहिलं. रांग सरळ नाही असं लिहायला आधी रांग सरळ असावी लागते. इथे पेन्सिल कुठे टेकवणार?

गंमत अशी की हे पथक त्या वर्षी जिंकलं ते जुन्याच कागदावर. ९४.४ गुणांनी. १९८४ च्या हंगामात टिक काढून टाकली, सगळीकडे बेरजेची पद्धत आली, आणि तेच पथक पुन्हा जिंकलं. गुण, ९८. मुलं वर्षभरात सुधारली असतीलही, पण मोठा फरक मोजपट्टीचा. आधी शंभर देऊन काढून घेत होते, आता शून्यापासून देत वर चढत होते, आणि देणारा हात काढणाऱ्या हातापेक्षा सैल निघाला. १९८५ सालीही तेच जिंकले, सलग तिसऱ्यांदा.

आजच्या कागदावर एकूण शंभरातले चाळीस गुण सर्वसाधारण परिणामाला, तीस दृश्याला आणि तीस संगीताला. प्रत्येक परीक्षक आपल्या रकान्यात दोन आकडे देतो. एक, काय मांडलंय त्याचा. दुसरा, ते कसं साधलंय त्याचा. आकडा वाटेल तसा द्यायचा नाही. पाच पायऱ्यांचे निकष ठरलेले आहेत, पथक कुठल्या पायरीवर आहे ते आधी ठरवायचं, मग पायरीच्या आतली जागा. शिवाय एकाच रात्री दहा पथकं वाजवणार असतील तर त्यांच्यातला क्रमही खरा उतरला पाहिजे आणि अंतरही. म्हणून परीक्षकाला पहिल्याच पथकाला आकडा देताना पुढच्या नवांसाठी जागा ठेवावी लागते. जूनमध्ये आकडे साठी-सत्तरीत असतात, हंगाम चढत जातो तसे तेही चढतात, आणि ऑगस्टमध्ये वरची पथकं नव्वदीच्या शेवटच्या पायऱ्यांवर एकमेकांना खेटून उभी असतात.

पेन्सिलीची जागा आवाजाने घेतली. परीक्षक पथक वाजत असताना बोलतात, ते रेकॉर्ड होतं. पूर्वी कॅसेट असायची, आता फाइल. कार्यक्रमानंतर शिक्षक ते ऐकतात, परीक्षकांसमोर बसून चर्चा करतात. लेकीच्या दुसऱ्या हंगामात असं एक रेकॉर्डिंग मुलांना बसमध्ये ऐकवलं होतं, आणि सुट्टीच्या दिवशी तिने मला गाडीत बसून फोनवर ऐकवलं.

मागे पथकाचा गडगडाट, पुढे एका बाईचा धापा टाकणारा आवाज. पथकाचं नाव घेऊन तिने नमस्कार केला आणि मग दहा-अकरा मिनिटं ती थांबलीच नाही. इथे डावा हात मागे पडतोय. हां, आता जुळलं. ही वाक्यरचना बघा कशी बेस ढोलांकडून तुमच्याकडे आली, ती तशीच झेला, वाया घालवू नका. टोकाचा वादक, काठीची उंची सांभाळ. मग संथ भाग आला. स्नेअरवाले अगदी ढोलाच्या कडेवर, जवळजवळ न ऐकू येईल असं वाजवतात. तिथे ती बाई म्हणाली, "अरे, किती खाली नेलंय तुम्ही हे." आणि गप्प झाली. पाच-सहा सेकंद फक्त तिचा श्वास आणि कडेवरच्या काठ्या. मग हळू आवाजात, "थँक्यू."

लेक माझ्याकडे बघत होती. मी काय म्हणेन याची वाट बघत होती. मी म्हटलं, "टोकाचा वादक म्हणजे कोण गं?" ती म्हणाली, "मी नाही." आणि फोन पर्समध्ये टाकला.

तिथून घरापर्यंत पस्तीस मिनिटं आम्ही बाकी सगळं बोललो.

म्हाताऱ्याला बेरीज मान्य नाही. त्याची बाजू मी इथे नीट मांडतो, कारण ती हट्टी माणसाची नाही. त्याचं म्हणणं, टिकच्या दिवसांत जे काही होतं ते मुलांचं होतं. पेन्सिल मुलाचं मनगट मोजत होती. आता परीक्षक 'काय मांडलंय' याला गुण देतो, आणि ते मांडतात कोण? पगारी लोक. संगीत बसवणारे, कवायत लिहिणारे, वेशभूषा करणारे, मैदानावर चढ-उताराचे मोठे सेट बांधणारे. २००४ पासून मायक्रोफोन आले, २००९ पासून सिंथेसायझर. ज्या पथकाकडे पैसा त्याच्याकडे चांगला मांडणारा. मुलाने उन्हात रक्ताचं पाणी करायचं आणि अर्धे गुण हवेशीर खोलीत बसलेल्या माणसाच्या कल्पनेला. शिवाय हरलेल्या मुलाला आता दाखवणार काय? "दुसरे तुमच्यापेक्षा जरा बरे होते" एवढंच ना? २००८ साली ब्लूमिंग्टनला फँटम रेजिमेंट जिंकलं ९८.१२५ वर, आणि ब्लू डेव्हिल्स हरले ९८.१०० वर. म्हातारा विचारतो, "पाव दशांश! ही पाव टिक कुणाच्या काठीची होती ते सांग मला."

कुणालाच सांगता येणार नाही. अंतिम फेरीत परीक्षक जास्त असतात, त्यांच्या आकड्यांच्या सरासऱ्या निघतात, आणि त्यातून असा पाव दशांश जन्माला येतो. तो कुठल्याच काठीचा नसतो. वरच्या टोकाला जागाही उरलेली नाही. २०१४ साली ब्लू डेव्हिल्सना ९९.६५ मिळाले. ज्या खेळात पहिलं पथक ८८ वर जिंकत होतं तिथे आता शंभराला हात टेकायचे बाकी आहेत. १९९९ आणि २००० अशी लागोपाठ दोन वर्षं पहिल्या जागेवर दोन-दोन पथकं बरोबरीत आली, तेही मला या दाटीचंच लक्षण वाटतं.

पैशाचं म्हणणं तर शंभर टक्के खरं आहे. लहान पथकं या ओझ्याखाली बंद पडलेली मी वाचली आहेत आणि फीचा चेक मी स्वतः लिहिलेला आहे.

तरी माझं मत म्हाताऱ्याच्या विरुद्ध आहे, आणि ते मी त्याला ट्रकमध्येच सांगितलं. वजाबाकीच्या कागदावर मुलाला मिळवण्यासारखं काहीच नसतं. तो जे काही घेऊन येतो ते आधीच त्याचं धरलेलं असतं, आणि मैदानावरची दहा मिनिटं म्हणजे ते गमावत जाणं. कडेवर इतकं हळू वाजवणं की ऐकणाऱ्या बाईचा शब्द थांबावा, याला त्या कागदावर रकाना नाही. तिथे ते कोरंच दिसलं असतं. आणि सोपं वाजवून गप्प बसलेल्या पथकाचा कागदही त्या जागी तसाच कोरा. दोघांतला फरक दाखवायला कुणीतरी तोंड उघडावंच लागतं. माणूस बोलला की त्याचं मत येणार, आवड येणार, पूर्वग्रह येणार, पाव दशांशाचे घोळ होणार. ते सोसायला हवं.

म्हातारा बराच वेळ बटाटे सोलत राहिला. मग म्हणाला, "एकोणिसाव्या वर्षी माझा शेवटचा कार्यक्रम झाला. नंतर आमच्या शिक्षकांनी मला माझ्या बाजूचा कागद दाखवला. स्नेअरच्या रांगेपुढे चार खुणा होत्या. अख्ख्या कार्यक्रमात चार. मी तो कागद मागितला तर ते म्हणाले, जपून ठेवायचा असतो, देता येत नाही." थोडं थांबून म्हणाला, "त्या चारही मला अजून माहीत आहेत. कुठल्या मात्रेवर त्या."

बाकी काय वाजवलं होतं ते मी विचारलं. त्याला धुनांची नावं आठवली, पण तो पुन्हा चार खुणांकडेच वळला.

गेल्या उन्हाळ्यात लेकीचा शेवटचा हंगाम होता. अंतिम आठवडा इंडियानापोलिसला, लुकास ऑइल स्टेडियममध्ये, आमच्या घरापासून तासाभरावर. कार्यक्रमाआधी पथकांचे तालवादक बाहेरच्या मोकळ्या जागेत हात गरम करतात आणि जाणकार लोक तिथेच घोळका करून उभे राहतात. स्टेडियममध्ये घुमून जे विरघळतं ते इथे दोन फुटांवरून ऐकायला मिळतं. नवांची रांग अर्धवर्तुळात उभी होती. लेक उजवीकडून तिसरी. केस घट्ट बांधलेले, उन्हाने मानेवर टोपीच्या पट्ट्याची पांढरी रेघ. पायाने ठेका, ओठ हलताहेत, नजर समोरच्या शिक्षकाच्या हातावर.

मी घोळक्याच्या कडेला जाऊन फोन काढला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. ठरवून आलो होतो. त्या बाईसारखं बोलायचं, लेकीने नंतर ऐकावं म्हणून. तिच्याशीच बोलतोय असं, आणि मराठीत.

सुरुवातीची दोन मिनिटं माझ्या तोंडून काय निघालं ते मी नंतर ऐकलं. "खांदा जरा वर आहे तुझा." "इथे घाई झाली." "शेजारच्याकडे बघू नकोस." डोळे पस्तीस वर्षं लाल पेटीसाठी जॉब शोधायला शिकलेले, ते तेच शोधत होते. मग त्यांनी तो संथ भाग घेतला. कडेवर. भोवती शंभर-दीडशे माणसं आणि कुणी चूळबूळ करेना. मी बोलायला तोंड उघडलं आणि मला शब्द सापडेना. छान, मस्त, वा, हे सगळे शब्द मला येतात, मित्रांच्या गाण्याला मी ते वापरतोही. तिच्यासाठी ते कधी वापरलेच नव्हते, त्यामुळे जिभेवर यायला अडत होते.

रेकॉर्डिंगमध्ये तिथे एकवीस सेकंद फक्त काठ्या आहेत. मग माझा आवाज, अगदी माझ्या वडिलांसारखा, मांडवातला. "क्या बात है." घोळक्यातले दोघे वळून बघतात, कुणीतरी हसतं, तेही त्यात आलंय. मग पुन्हा, हळू, "क्या बात है गं. काय खाली नेलंस."

फाइल मी तिला त्याच रात्री पाठवली. निकाल लागले, मैदानावर पथकं रांगेत उभी राहिली, आकडे जाहीर झाले, मुलं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. पहाटे दोनला तिचा मेसेज आला. बसमधून.

"दोन मिनिटं चाळीस सेकंदांनंतरचं परत परत ऐकतेय. शेजारची विचारतेय तुझा बाबा काय म्हणतोय. काय सांगू तिला?"

मी बराच वेळ टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं. मग फोनच लावला.